दोन छोटे हॉर्न

३ सप्टेंबर

ती. ताई,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला साष्टांग घालायचा असतो हे मला माहीत आहे. पण दीड वर्ष आपण एकमेकींशी बोललो नाही, आणि आता एकदम लोटांगण घातलं तर तुलाच संशय येईल. म्हणून उभ्याउभ्या केलेला नमस्कार गोड मानून घे. भावजींना आणि दोन्ही पोरांनाही सांग. धाकट्याचे दात पुढे आलेत असं आईकडून कळलं. आपल्या घराण्याची खूण आहे ती, एवढ्यात तार लावू नकोस.

फोनच करणार होते. पण फोनवर तू मधेच बोलतेस, मग मी चिडते, मग तू गप्प बसतेस आणि ते त्याहून वाईट. कागदावर तुला मला तोडता येत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. ह्याचं चष्म्याचं दुकान बरं चाललंय. मी अजून गाडी शिकवते. जिना उतरायला तुझा हात लागणारी भित्री भागूबाई आज अख्ख्या गावाला गाडी शिकवते, यावर तू पूर्वी किती हसायचीस! खरं सांगायचं तर हे काम भित्र्या माणसाचंच आहे. शेजारचा माणूस सरळ खांबावर गाडी घालत असताना आपण घाबरायचं, पण तोंडावर दिसू द्यायचं नाही, एवढंच.

आता बातमी. ते जमलं, ताई. डिसेंबरात बाळ येईल. त्या बाईंचा सहावा महिना चालू आहे.

हे सगळं कसं चालतं ते मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू पहिल्याच वाक्याला एक प्रश्न विचारलास आणि मी जेवणावरून उठले. म्हणून आता सांगते. माझी पिशवी काढली तेव्हा बीजकोश ठेवले होते, ते तुला आठवत असेल. माझं बीज आणि ह्याचं बीज प्रयोगशाळेत एकत्र केलं आणि तयार झालेला गर्भ त्या बाईंच्या पोटात ठेवला. म्हणजे नाक आपल्याकडचं येईल, दातही येतील. रक्त, श्वास, ऊब मात्र सगळी तिकडची. त्याआधी आमच्या तपासण्या झाल्या, त्यांच्या झाल्या. एका समुपदेशक बाईंनी आम्हा नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारलं, मूल झालंच नाही तर काय कराल? हा म्हणाला, आम्ही दोघं आहोतच. मी म्हणाले, मला पाणी द्या.

मग वकील. त्यांचा वेगळा, आमचा वेगळा, म्हणजे त्यांच्या बाजूने बोलायला कुणीतरी असावं. करारातल्या तिसऱ्या कलमात साफ लिहिलंय की शरीर त्यांचं, दुखणं त्यांचं, आणि त्याबद्दलचा निर्णयही त्यांचाच, आम्ही मधे पडायचं नाही. बाळ झाल्यावर कोर्टाचा कागद येईपर्यंत दवाखान्यात आई म्हणून नाव त्यांचंच. सही करताना मी अगदी समजूतदारपणे मान डोलावली. तेव्हा पोट सपाट होतं ना, सगळंच सोपं वाटत होतं.

पहिल्या वेळी गर्भ धरला नाही. दुसऱ्या वेळी धरला. क्लिनिकच्या एक मध्यस्थ बाई आहेत, त्या दर शुक्रवारी फोन करून सांगतात, "सगळं उत्तम." मी विचारते, उत्तम म्हणजे काय? त्या म्हणतात, "म्हणजे उत्तमच!" सोनोग्राफीला आम्हाला आत बसू देतात. तिथे पडद्याकडे बघावं की त्यांच्याकडे, हे मला कधीच कळत नाही. मी पडद्याकडे बघते. एरवी भेटायचं तर मध्यस्थ बाईंना विचारून. परस्पर घरी जायचं नाही, कामावर जायचं नाही. नियम चांगला आहे, मी नियम करणारी असते तर मीही असाच केला असता.

त्या फुलांच्या दुकानात काम करतात. गुच्छ बांधतात. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, एक मुलगी आहे. बोलायला मोकळ्या आहेत.

ताई, मला भीती वाटते. सकाळी डोळे उघडले की आधी भीती आणि मग चहा. माझ्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, तू बघितलायस. शिकणारा कितीही गोंधळला तरी माझा पाय तयार असतो. आयुष्यभर मी त्या एका पायावर निभावलंय. आणि आता माझं बाळ दुसऱ्याच गाडीत बसून चाललंय, आणि माझ्या पायाखाली काहीच नाही. रात्री झोपेत मी पायानं ब्रेक दाबते असं हा म्हणतो. त्याच्या पोटरीवर निळा डाग आहे.

तर मी शिकवणीचा रस्ता बदलला. आता सगळे शिकाऊ रोज त्या फुलांच्या दुकानावरून जातात. तिथे चढ आहे, सिग्नल आहे, अवघड वळण आहे, शिकायला सगळं एकाच ठिकाणी मिळतं असं मी सांगते. सकाळी पहिली शिकवणी एका आजोबांची असते. त्यांची बायको आयुष्यभर गाडी चालवायची आणि हे शेजारी बसून रस्ता सांगायचे. ती गेली. आता मुलीकडे जायचं तर बस बदलत जावं लागतं म्हणून या वयात शिकतायत. मुलगी तुमच्याच गावात असते, तुमच्या दोन गल्ल्या सोडून. बघ, जग किती लहान आहे.

परवा आम्ही दुकानावरून जाताना त्या बाईंनी पाण्याची बादली उचलली. एका हातानं, सरळ कमरेतून वाकून. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागचा स्कूटरवाला आमच्यावर आदळायचा राहिला आणि मला जे बोलला ते मी लिहीत नाही. आजोबा पांढरेफटक पडले. म्हणाले, "बाई, माझं काही चुकलं का?" मी म्हणाले, मांजर आडवं आलं. ते म्हणाले, "मला नाही दिसलं." मी म्हणाले, म्हणूनच तर मी शेजारी असते.

तेव्हापासून ती बादली माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मध्यस्थ बाईंना सांगावं तर मी तिथे काय करत होते ते सांगावं लागेल.

बाकी सर्व क्षेम. तब्येतीला जप.

तुझी धाकटी बहीण

ता.क. त्या दिवशी तू विचारलेल्या प्रश्नाबद्दल मी यात काहीच लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात येईल. माझ्याही आलंय.


२१ सप्टेंबर

ती. ताई,

तुझं उत्तर मिळालं. दीड वर्षांनी तीन वाक्यं! "पत्र पोचलं. तार लावली. बादलीचं पुढे काय झालं ते लिही." मी ते ह्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुमच्याकडे हे प्रेम समजतात का? मी म्हणाले, हो.

बादलीचं पुढे असं झालं की मी पकडले गेले.

मंगळवारी सकाळी आजोबा गाडी चालवत होते. दुकान जवळ आलं आणि त्या बाई फुटपाथवरून खाली उतरल्या. पोट पुढे, हात वर. वाहतूक पोलीस करतो तसा. आजोबांनी आरसा बघितला, सिग्नल दिला, गाडी कडेला घेऊन अशी अलगद थांबवली की एरवी मी टाळ्या वाजवल्या असत्या. त्या माझ्या खिडकीशी आल्या.

"रोज येता तुम्ही."

"शिकवणीचा रस्ता आहे हा," मी म्हणाले.

"अहो मॅडम, गाडीच्या टपावर एवढी मोठी पाटी लावून कुणी कुणावर पाळत ठेवतं का?"

आजोबांना खोकला आला. मला वाटलं, झालं, संपलं. आता या क्लिनिकला कळवतील, क्लिनिक आम्हाला नोटीस देईल, आणि बाळ या दुकानात वाढेल. भीतीला पाय फुटले की ती कुठवर जाते ते तुला माहीत आहे. पण त्या म्हणाल्या, "उतरा. चहा ठेवलाय. बाबांनाही आणा."

दुकान आतून अगदी चिंचोळं आहे. फरशी ओली, कोपऱ्यात कापलेल्या देठांचा ढीग, खिळ्याला रिबिनीची रिळं. त्यांच्या मनगटात बांगड्यांसारखे रबरबँड चढवलेले. त्या एका खुर्चीत बसल्या आणि पाय पालथ्या बादलीवर ठेवले. तीच बादली. माझी नजर गेलेली त्यांनी बघितली.

"रिकामी होती हो त्या दिवशी. पाणी मालक भरतो. तुम्ही विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं."

मी म्हणाले, विचारायचा नियम नाही. त्या म्हणाल्या, "आणि बघायचा आहे?"

मी चहा प्यायले. मग त्या आपणहून बोलायला लागल्या. म्हणाल्या, "माझ्या मुलीच्या वेळी मी एकदा जिन्यावरून घसरले होते. उठले, कपडे झटकले, भाजी आणायला गेले. कुणाला जाब द्यायचा नव्हता. आता साधी शिंक आली तरी वाटतं, हे कळवायला हवं का? दुसऱ्याचं सांभाळायचं म्हणजे हात जरा जास्तच थरथरतो. मलाही भीती वाटते, मॅडम. तुम्हाला काय वाटलं, एकट्या तुम्हालाच वाटते?"

मी विचारलं, मध्यस्थ बाईंना सांगितलंत का हे? त्या म्हणाल्या, "सांगितलं ना. त्या म्हणाल्या, सगळं उत्तम."

आम्ही दोघी इतक्या हसलो की आजोबा बाहेर जाऊन उभे राहिले.

निघताना त्यांनी सांगितलं, रोज थांबू नका, मालक चौकशा करतो. दोन छोटे हॉर्न द्या. मी आतून हात वर करीन. हात दिसला की समजायचं, आज बरं आहे. मग पुढे जायचं, मागे वळून बघायचं नाही.

तेव्हापासून रोज तसंच चाललंय. पहिल्या शिकवणीला दोन छोटे हॉर्न, आणि आतून रबरबँड घातलेला हात वर येतो. हात दिसला की मी मनात म्हणते, बाळ बरं आहे. आजोबांना वाटतं हा परीक्षेतलाच भाग आहे. त्या चौकात हॉर्न द्यायला ते हल्ली माझ्याआधी सरसावतात.

भीती गेलेली नाही, पण तिला वेळ ठरवून दिल्यासारखं झालंय. हॉर्न वाजल्यापासून हात दिसेपर्यंत ती माझी. नंतर मी कामाची.

त्या बोलत होत्या तेव्हा तुझा प्रश्न माझ्या अगदी ओठावर आला होता. त्यांनाच विचारावं असं वाटलं. पण मी तो चहाबरोबर गिळून टाकला. एवढं चांगलं चाललंय, कशाला अभद्र बोलायचं?

तू त्या पिवळ्या स्वेटरची लोकर अजून ठेवली आहेस का? नको, राहू दे. अजून वेळ आहे. आधीपासून काही करायला नको वाटतं.

पोरांना गोड पापा.

तुझीच


९ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र आजोबांच्या हाती पाठवते आहे. ते दुपारच्या बसनं मुलीकडे निघालेत, उतरल्यावर आधी तुझ्याकडे येतील. फोन दोनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. तुझा आवाज ऐकला असता तर मी या बाकावरून उठू शकले नसते.

बाळ झालं आहे. मुलगी. दोन महिने आधी. वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत आहे. तिचा श्वास यंत्र घेतं.

ती शुद्धीवर नाही. ती म्हणजे फुलवाली. मी आत्ता लिहिताना 'त्या' लिहायला गेले आणि लिहिता येईना.

काल सकाळी आम्ही नेहमीसारखे निघालो. आजोबांनी हॉर्न दिला. हात दिसला नाही. मी पुन्हा द्यायला लावला. आजोबा म्हणाले, गिऱ्हाईक असेल. मी म्हणाले, थांबवा. दुकानात कुणी नव्हतं, मालक माल आणायला गेला होता. ती काउंटरच्या मागे फरशीवर बसली होती, पाठ भिंतीला लावून. मला आधी वाटलं फरशी नेहमीसारखी पाण्यानं ओली आहे. ते पाणी नव्हतं. पोट दगडासारखं घट्ट झालं होतं. ती म्हणाली, "हॉर्न ऐकला मी. हात वर होईना."

आत वार गर्भपिशवीपासून सुटली होती असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. कुणाच्या चुकीनं नाही, बादलीनं नाही, कशानंच नाही. सुटते कधीकधी.

रुग्णवाहिकेला वेळ लागेल म्हणाले आणि दवाखाना तर जवळच होता. आम्ही दोघांनी तिला धरून गाडीत मागे आडवी केली. आजोबा चावी माझ्यापुढे धरून म्हणाले, "बाई, तुम्ही चालवा." मी हात पुढे केला तर किल्ली बोटांत राहीना. आणि तिनं माझा पदर धरला होता. म्हणाली, "तुम्ही इथे बसा. माझ्याजवळ."

मी मागे बसले. माझ्याच गाडीत पहिल्यांदा मागे बसले. पुढे माझी सीट रिकामी, तिथला ब्रेक रिकामा, आणि परवाना नसलेले आजोबा स्टिअरिंगवर. आरसा, सिग्नल, क्लच, आरसा, सिग्नल, क्लच, असं ते मी शिकवलेलं सगळं मोठ्यानं म्हणत होते. प्रत्येक वळणावर माझा पाय खालच्या रबरी चटईवर दाबला जात होता. गाडी एकदाही बंद पडली नाही.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण धावत आली. तिनं मला विचारलं, "तुम्ही हिच्या कोण?" मी म्हणाले, "बाळ माझं आहे." ती म्हणाली, "मी हिचं विचारतेय."



मग तिनं मला सोडलं आणि फुलवालीवर वाकून तिलाच विचारलं. रक्त फार जातंय, लगेच शस्त्रक्रिया करावी लागेल, धोका दोघींना आहे, करू ना? ते तिसरं कलम. कागदावर किती छान दिसत होतं! स्ट्रेचरवर पांढरी पडलेली एक बाई एकटीनं मान हलवते आणि "करा" म्हणते, असं ते प्रत्यक्षात असतं. दार बंद झालं. मी बाहेर.

बाळ काढल्यावरही तिचं रक्त थांबत नव्हतं. खूप बाटल्या लावल्या. आता थांबलंय, पण अजून डोळे उघडले नाहीत. उघडतील असं म्हणतात. 'उत्तम' कुणीच म्हणत नाही.

हा दुकान बंद करून आला. तो वर गेला, बाळ बघून आला, मला फोटो पाठवला. मी तो उघडलेला नाही. तिचा नवरा आला तो कामाच्या कपड्यांतच, हाताला ग्रीस. मला बाकावर बसलेली बघून म्हणाला, "तुम्ही इथे काय करताय? तुमचं वर आहे." रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्यानं मला नुसता रस्ता सांगितला.

मी उठले नाही. कालपासून इथेच आहे. हा म्हणतो, अगं एकदा तरी बघून ये, केवढीशी आहे ती. मला जाता येत नाही. मी वर गेले आणि तेवढ्यात इकडे तिला काही झालं, तर मी त्या मुलीकडे आयुष्यभर कोणत्या तोंडानं बघू?

हाच ना तुझा प्रश्न? वाढलेल्या ताटासमोर तू इतकंच म्हणालीस, "आणि तिला काही झालं तर?" कुचकेपणा नव्हता, आवाजही चढवला नव्हतास. मी किती तोडून बोलले! तुला दोन आहेत म्हणून तुला सुचतं, असं म्हणाले. मला वाटलं तू मोडता घालतेस. तू फक्त त्या खोलीत नसलेल्या बाईला मोजत होतीस. आमच्यातल्या कुणी मोजलं नव्हतं.

मी तुला सगळं सांगितलं असं वाटत असेल. नाही सांगितलं. एक राहिलंय आणि ते लिहिल्याशिवाय आजोबांच्या हातात पाकीट देता येत नाही.

गाडीत माझा हात तिच्या पोटावर होता. आणि मी मोठ्यानं म्हणत होते, "बाळ वाचू दे, बाळ वाचू दे." थांबतच नव्हते. आजोबांचं आरसा-सिग्नल पुढे, माझं हे मागे. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, म्हणजे तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता. मला ते सुचलंच नाही. मला ती दिसतच नव्हती. मी पडद्याकडेच बघत होते.

तिनं माझं मनगट धरलं. तिचे ते रबरबँड माझ्या हाताला लागले. ती म्हणाली, "मॅडम, माझाही हात धरा ना."

मी धरला. पण तिला मागावा लागला.

तू ये. काही बोलू नकोस, मला बोललीस तरी चालेल, पण ये. इथे एकटीला जिना उतरायला लावू नकोस.

मी


११ ऑक्टोबर

ताई,

आजोबांनी काल संध्याकाळी ह्याच्या दुकानात फोन केला. म्हणाले, तुमच्या मेहुणीबाईंनी पत्र उभ्यानंच वाचलं, आत गेल्या आणि पिशवी भरायला लागल्या. मग त्यांना चहा विचारायचं तुझ्या लक्षात आलं म्हणे, पण तोवर ते गेटबाहेर पडले होते. तेव्हा तू आज येशील हे मला कळलंय. ही चिठ्ठी खाली चौकशीच्या खिडकीत ठेवते. तू पोचशील तेव्हा मी बाकावर नसेन, म्हणून घाबरू नकोस.

आज सकाळी तिनं डोळे उघडले.

आत फक्त तिच्या नवऱ्याला सोडलं. मी काचेच्या बाहेर उभी. नळ्या, यंत्रं, आणि त्या सगळ्यात तिचा चेहरा एवढासा. डोळे पुन्हा मिटलेले. मला वाटलं, तिला कसं कळावं की मी इथे आहे? हाक मारावी तर आवाज आत जात नाही. आणि गेला असता तरी कोणत्या तोंडानं मारायची होती? मग माझ्या बोटातल्या अंगठीनं मी काचेवर वाजवलं. दोनदा. छोटं.

काही झालं नाही. नर्स माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागली. त्या दिवशी दुकानासमोर बघितली तशीच मी वाट बघत राहिले.

मग चादरीवरून तिचा हात उठला. सुई टोचलेला, पट्ट्या चिकटवलेला. फार नाही, जेमतेम वीतभर. पण वर.

मी मनात म्हणाले, ती बरी आहे.

इतके दिवस मी हे वाक्य चुकीचं म्हणत होते, ताई. तिथे काचेसमोर उभी राहून मी ते पुन्हा पुन्हा नीट म्हटलं, आणि मग खूप रडले. तिचा नवरा बाहेर आला. म्हणाला, "ती विचारतेय, गाडी कुणी चालवली?" मी म्हणाले, आजोबांनी. तो आत जाऊन सांगून आला आणि म्हणाला, "हसली. पोट दुखतं म्हणाली हसताना." थोड्या वेळानं परत आला. "आणि विचारतेय, बाळ कुणासारखं आहे?" मी म्हणाले, अजून बघितलं नाही. तो मग आत गेला, आणि बाहेर आला तो तिचा निरोप घेऊन: "जा म्हणावं. बघून या आणि मला येऊन सांगा. मी काय फोटोवर भागवू?"

तर मी आता वर निघाले आहे. बाळाच्या हातावरच्या पट्टीवर अजून तिचंच नाव आहे, कोर्टाचा कागद येईपर्यंत राहील. परवापर्यंत मला त्याचीच धास्ती होती. आता वाटतं, राहू दे. तेवढे दिवस तरी मुलगी कुणाच्या जिवावर आली हे लिहिलेलं असू दे.

भीती आहेच. बाळ फार लहान आहे, डॉक्टर काही कबूल करत नाहीत, आणि मला त्या पेटीत हात घालता येईल की नाही माहीत नाही.

तू आलीस की एक कर. आधी तिच्याकडे जा. दुसरा मजला, डावीकडची काच. आत सोडणार नाहीत. काचेवर दोनदा वाजव, छोटं, आणि हात दिसेपर्यंत थांब.

मग वर ये, आणि माझा हात धर. मी मागते आहे.

तुझी,
भित्री भागूबाई